मुलींच्या शिक्षणाने गरिबी खरंच कमी होते, की ही नुसती घोषणा आहे? मला थोडी मदत करायची आहे, ती कुठे करावी?

कमी होते. पण सातवीपर्यंत शिकवून फारसं काही बदलत नाही. आठवी ते बारावीत मुलगी टिकते का, यावर सगळं ठरतं. मी बीड जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवते, म्हणून रोज दिसतं तेच सांगते.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची निम्मी वाडी ऊसतोडीला जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम, म्हणजे मजूर नेणारा कंत्राटदार, उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. मग त्याचं लग्न घाईने उरकतात आणि कुणाची तरी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी शाळेतून निघते. तिच्या आईबापांनाही तिला मागे ठेवून जायची धास्ती असतेच. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, बाकी पुढच्या साली चढते. काही वर्षांनी तिची पोरंही त्याच फडात दिसतात.

माझी एक विद्यार्थिनी आजीजवळ राहून बारावी झाली, पुढे एएनएम, म्हणजे गावपातळीवरची नर्स झाली. पगारातून तिने घरची बाकी फेडायला घेतली. तिसऱ्या वर्षी आईवडील मुकादमाला नाही म्हणाले आणि गावातच राहिले. धाकटा भाऊ आयटीआयला गेला.

जागतिक बँकेच्या 2018 च्या अहवालातही हेच आहे: फक्त प्राथमिक शिकलेल्या बायकांची कमाई अजिबात न शिकलेल्यांपेक्षा 14 ते 19 टक्क्यांनीच जास्त, माध्यमिक शिकलेल्यांची मात्र जवळजवळ दुप्पट.

मग मुली मधेच का सुटतात? सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फी नाही. अडतं ते वाटेवर. वाडीतली शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल पाच-सहा किलोमीटरवर. बाप मला मार्कांचं विचारत नाही. "बाई, अंधार पडल्यावर ती येणार कशी?" एवढंच विचारतो. बिहारने 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी 2,000 रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी ताडून पाहिलं, तर माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं. फरक जास्त कुठे पडला? जिथे शाळा तीन किलोमीटरहून लांब होती, त्या गावांत.

म्हणून सांगते, वह्या-दप्तरं वाटू नका, ती आमच्याकडे पुष्कळ येतात. दसऱ्याच्या आधी एखाद्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटा. आठवी-नववीतल्या कोणत्या मुली यंदा आईबापांबरोबर जाणार आहेत, ते विचारा. त्यांच्या येण्या-जाण्याच्या गाडीचा किंवा वसतिगृहाचा खर्च हंगाम संपेपर्यंत उचला, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुलींसाठी पुन्हा या.