पास आधी, स्मॅश नंतर

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

खानापूर तालुक्यात कॉलेजवर फिजिकल डायरेक्टर म्हणून रुजू झालीस, तात्पुरती का होईना, हे वाचून फार बरं वाटलं. मुलींची व्हॉलीबॉलची टीम तुझ्याकडं दिली आहे आणि तू विचारतेस, यशस्वी कोच व्हायचं तर सुरुवात कुठून करू. पहिल्या पासापासून कर. समोरून आलेली सर्व्हिस घेणाऱ्या दोन हातांपासून. स्मॅशचं नंतर बघू.

आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण इथं गावोगावी शूटिंग व्हॉलीबॉल खेळतात. यात्रेला, गणपतीला देवळापुढच्या पटांगणात लाइटी लावून रात्रभर स्पर्धा चालतात. शूटिंगात आला चेंडू की थेट पलीकडं. त्यामुळं आपल्या पोरांची नजर तयार असते, फटका जबर असतो. पण आलेला चेंडू सांभाळून जोडीदाराच्या हातात द्यायची सवय नसते. मुली स्वतः शूटिंग खेळत नसल्या तरी लहानपणापासून तेच बघत आलेल्या. पहिल्या दिवशी प्रत्येकीला नेटवर उडी मारून हाणायचं असतं. थोडं हाणू दे, हौस मरता कामा नये. पण सरावाचा निम्मा वेळ पासाला दे, आणि तोही सुरुवातीला, अंगात दम असताना.

पूर्वी सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच गुण मिळायचा. सर्व्हिस आपल्याकडं असताना चूक झाली तर फक्त ती पलीकडं जायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रॅली पॉइंट आला आणि प्रत्येक चेंडूवर गुण पडायला लागला. त्याच सुमारास, १९९८ साली, आंतरराष्ट्रीय सामन्यांत लिबेरो आला, म्हणजे मागं राहून चेंडू उचलण्याचंच काम करणारा खेळाडू. हे दोन्ही बदल नीट समजून घे. २५ गुणांच्या सेटमध्ये तुझ्या मुलींनी सहा सर्व्हिस सोडल्या तर पाव सेट समोरच्यांना आयता दिला. एवढं भरून काढणारी स्मॅशर आपल्याला रोज कुठून मिळणार?

पास शिकवताना हातांपेक्षा पायांकडं बघ. चेंडू यायच्या आधी पाय तिथं पोचले पाहिजेत. कोपरं ताठ, अंगठे शेजारी-शेजारी, चेंडू मनगटाच्या वरच्या सपाट भागावर. हात हवेत उडवायचे नाहीत, गुडघ्यातून उठायचं. नवीन मुलींचे हात आठवडाभर लालबुंद होतात. घरी आई विचारते, मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात चेंडू हातानं टाकून दे, सर्व्हिस मारून नको. आणि चेंडू तपास. नियमानं तो २६० ते २८० ग्रॅमचा असतो. पावसात भिजून, उन्हात वाळून जुना झालेला चेंडू जड होतो, तो हाताला लागला की मुलगी डोळे मिटायला शिकते, आणि ती सवय पुढं मोडत नाही. शेजारच्या किराणा दुकानात नेऊन वजन करून बघ. नेटही तसंच. मुलांसाठी २.४३ मीटरवर बांधलेलं नेट अंदाजानं सैल सोडून मुलींना खेळवतात, ते चालवून घेऊ नकोस. मध्यभागी मोजून २.२४ झालं पाहिजे. एका काठीवर खूण करून ठेव, काम झालं.

तुझ्याकडं पाऊस किती असतो हे तुला मी सांगायला नको. आणि कॉलेजचे सामने बहुतेक पावसाळा सरता सरता येतात. लाल मातीचं ग्राउंड तोवर चिखल. ह्यावर रडत बसणारे पुष्कळ आहेत. तू सायकल स्टँडची शेड माग. छत बुटकं असेल तर उत्तमच: चेंडू पत्र्याला न लागता सेटरच्या, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारीच्या, हातात गेला पाहिजे, एवढी एकच अट घाल. दोन महिने असा सराव केलेल्या मुली उघड्या ग्राउंडवर आल्या की त्यांचा पास आपोआप बसका आणि नेमका येतो. भिंतीवर एकटीनं पास मारायचा सराव घरीही होतो.

आता वहीचं सांगतो. प्रत्येक सर्व्हिसच्या पासाला गुण दे. सेटर जागेवर उभी राहून कुठंही चेंडू देऊ शकली तर तीन, दोन पावलं पळावं लागलं तर दोन, कसाबसा चेंडू पलीकडं गेला तर एक, आणि पासच झाला नाही तर शून्य. प्रत्येक मुलीची सरासरी काढ. महिन्याभरात तुला कळेल की जिच्या नावानं टाळ्या पडतात तिची सरासरी एकच्या आसपास आहे, आणि बेंचवर बसणारी एखादी बुटकी, गप्प पोरगी दोनच्या वर आहे. तिला आत घे. लोक बोलतील, प्राचार्यही विचारतील. वही दाखव.

अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात रस रोझ म्हणून मुलींचे कोच होते. बेंचवर बसून स्वतःच्या हातानं अशाच नोंदी लिहीत राहणारा माणूस. १९७९ साली ते तिथं आले, आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९९९ साली. त्याआधी १९९३, १९९७ आणि १९९८ ला फायनलला हरले होते. मग मात्र २००७ ते २०१० सलग चार वर्षं विजेते, सलग १०९ सामने जिंकले, आणि २०२१ ला निवृत्त होईपर्यंत एकूण सात विजेतेपदं. त्यांचं मैदान, त्यांचा पैसा आपल्याकडं नाही, ते सोड. वीस वर्षं एकाच ठिकाणी एकच काम नेटानं केलं, एवढं त्यातलं घे. आपल्याकडं दोन वर्षांत ट्रॉफी आली नाही की कोच खचतो किंवा कॉलेज बदलतो.

तुझ्या हातात मुलगी येते तीच तीन वर्षांसाठी, त्यातली शेवटची सेमिस्टर परीक्षेत जाते. म्हणून टीम हायस्कूलमधूनच बघायला लाग. शनिवारी सकाळची शाळा सुटते तेव्हा नंदगड, बिडी, जांबोटी असं फिर. आठवीतली उंच मुलगी दिसली की तिथल्या पीटी सरांशी बोल, त्यांना एक बरा चेंडू देऊन ये. जांबोटीकडं मराठी चालेल, बिडीकडं कानडी लागेल. कानडी चांगली बोलायला शीक, मोडकी नको. पंचांशी, विद्यापीठाशी, पालकांशी तुझं अडणार नाही. टीममध्ये दोन्ही घरच्या मुली असतील. बसमध्ये, जेवताना त्यांच्या जोड्या मिसळून बसव. बाहेर मोर्चे, बंद चालू असले की हे जास्त जपायचं. आणि सराव अशा वेळी संपव की मुलगी शेवटच्या एसटीला नव्हे, त्याच्या आधीच्या गाडीला बसेल. वडिलांचा विश्वास एका उशिरात जातो.

विद्यापीठाच्या टीमपर्यंत तुझ्या मुली गेल्या की दुसरीच परीक्षा असते. आंतरविद्यापीठ सामन्यांत आपलं राणी चन्नम्मा विद्यापीठ साउथ झोनमध्ये खेळतं. निपाणीच्या मुलीला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, पण शिवाजी विद्यापीठ वेस्ट झोनमध्ये. आपल्याकडून खेळताना तिची गाठ पडते केरळ-तमिळनाडूच्या टीमशी, जिथं व्हॉलीबॉल घराघरात आहे. त्यांची उंची, त्यांचा ब्लॉक बघून आपल्या मुली सर्व्हिसच्या आधीच हरतात. तिथं पास टिकला तर निदान सेट रंगतो. मी ह्यासाठीच एवढं पासाचं लावून धरलंय.

नोकरीचं थोडक्यात. एम.पी.एड. झालंय, आता नेट किंवा के-सेट ही पात्रता परीक्षा मनावर घे, त्याशिवाय कायम जागा मिळणं कठीण. ह्या जागेसाठी यूजीसीच्या नियमात बारा मिनिटांची धाव असते, तिशीपर्यंतच्या महिलांना १००० मीटर. तुला ते अवघड नाही, पण परीक्षेच्या नादात पळणं सोडू नकोस. पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंगचा डिप्लोमा हे वेगळं शिक्षण आहे. एम.पी.एड.नं जागा मिळते, खेळ कसा शिकवायचा ते तिथं कळतं. पूर्ण वर्ष जमत नसेल तर सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आधी कर. सुट्टी मिळेल का, हे प्राचार्यांना लेखी विचार.

रविवारी मी घरीच असतो. महिन्याभराची वही भरली की घेऊन ये, आपण प्रत्येकीची सरासरी एकत्र बसून काढू. लिबेरो कोणाला करायचं तेही ठरवून टाकू.

तुझा,
सर