चिठ्ठीशिवाय मागवलेल्या झोपेच्या गोळ्या घरात सापडल्या, फेकून देऊ का?

हा प्रश्न मला समुपदेशनात बऱ्याचदा दबक्या आवाजात विचारला जातो. कधी नवऱ्याबद्दल, कधी कॉलेजातल्या मुलाबद्दल, क्वचित सासूबाईंबद्दलही. घरात गोळ्यांची पाकिटं सापडतात, डॉक्टरांची चिठ्ठी कुठंच नसते आणि माल कुरिअरनं आलेला असतो. माझं उत्तर आधीच सांगते. फेकू नका, एकदम बंदही करायला लावू नका. त्या गोळ्या आणि तो माणूस, दोघांनाही घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. असं का, ते एका जोडप्याच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नवरा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, पाळीवर काम करणारा. वडील गेले आणि त्याची झोप उडाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिली. पुढं तीच जुनी चिठ्ठी घेऊन तो मेडिकलमध्ये गेला, तर दुकानदारानं ‘नवीन आणा’ म्हणून परत पाठवलं. दुकानदाराचं बरोबरच होतं. हे औषध शेड्यूल एच१ मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या कडक यादीतलं. ते विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध किती दिलं, हे सगळं वेगळ्या वहीत नोंदवून ती वही ३ वर्षं ठेवावी लागते.

पण ह्याला पुन्हा दवाखान्यात जायचं नव्हतं. “झोप येत नाही म्हणून रजा टाकू व्हय मॅडम?” असं तो नंतर मला म्हणाला. मोबाईलवर शोधता शोधता एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर मिळाला. तिथं चिठ्ठी कुणी मागितली नाही. पैसे कुणा एका माणसाच्या यूपीआयवर टाकायचे, की चार-पाच दिवसांत पार्सल हजर. वर्षभरात ०.२५ ची गोळी एक मिलिग्रॅमवर गेली, मग दिवसाला दोन झाल्या.

बायको माझ्याकडे आली ती पिशवीच घेऊन. “ह्यांच्या कामाच्या बॅगेत घावल्या. संडासात टाकून पाणीच ओतणार होते, म्हटलं आधी विचारावं.” मी एक पाकीट हातात घेतलं. बॅच नंबर आणि मुदत छापलेली कड कात्रीनं सरळ कापलेली होती. बाकीच्यांचंही तेच. माल कुठून निघाला हे कळू नये, एवढ्यासाठीच कुणीतरी ही मेहनत घेतलेली. अशा गोळीत लिहिलंय तेवढंच औषध आहे, कमी आहे, जास्त आहे की दुसरंच काही आहे, हे नुसतं बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मग फेकायच्या का नाहीत? तो आला तेव्हा त्यानंच सांगितलं. दोनदा स्वतःहून बंद करून बघितल्या होत्या. हात थरथरले, घाम फुटला, छाती धडधडली, दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ‘माझा आजारच एवढा मोठा आहे’ असं समजून त्यानं पुन्हा सुरू केल्या. तो आजार नव्हता, गोळी अचानक तुटल्याचा त्रास होता. महिनोन्महिने अशा गोळ्या घेणाऱ्यानं त्या एकदम थांबवल्या तर फिटही येऊ शकते. हा माणूस वितळलेल्या लोखंडाशेजारी उभा राहतो. तिनं रागाच्या भरात पाणी ओतलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मला आजही धस्स होतं. दारूबरोबर या गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, हेही घरच्यांना माहीत असायला हवं.

डॉक्टरांनी खात्रीचं औषध सुरू केलं आणि त्याचा डोस टप्प्याटप्प्यानं उतरवला. आमचं काम झोपेच्या सवयींवर आणि वडिलांच्या दुःखावर. ते दुःख त्यानं कुणाजवळ मोकळं केलंच नव्हतं.

मध्येच पैशांची गोष्ट निघाली. घरातली रक्कम गेली होती आणि हिला वाटत होतं, जुगार. प्रत्यक्षात त्याला फोन आला होता. “कस्टममधून बोलतोय, तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत.” व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, ‘डिजिटल अटक’, मग पैसे भरा. अशी अटक कायद्यात नाहीच. पण चोरून मागवणारा माणूस आधीच घाबरलेला असतो, कुणाला सांगत नाही. असं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

“डॉक्टर पोलिसांना कळवतील का?” हे तिनं सगळ्यात शेवटी विचारलं, आणि तिची खरी भीती हीच होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. कायद्यात अपवाद आहेत, पण ‘उपचाराला आला’ एवढ्यावर कुणी पोलिसांत देत नाही. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घरातून निघणंच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

त्याची गोळी आता पुन्हा ०.२५ वर आली आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप अजून अवघड जाते, म्हणून त्या आठवड्यात दोघं मिळून येतात.