मुलीला शिकायला कोरियाला जायचंय. तिथली माणसं, जगणं, संस्कृती यांची थोडी ओळख करून द्याल का?

मालिका बघता बघता मुलगी कोरियन शिकली आणि आता पुढच्या शिक्षणासाठी तिकडेच जायचं म्हणते, असं तुम्ही लिहिलंय. मी नोकरीनिमित्त काही वर्षं सोलजवळच्या सुवन शहरात राहिले, तेवढ्या आधारावर सांगते. अर्थात हे सगळं दक्षिण कोरियाचं.

मालिकांमधला कोरिया खोटा नसतो, पण तो बहुतेक वेळा सोलचा असतो, त्यातही गंगनामसारख्या श्रीमंत भागाचा. देश महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, बराचसा डोंगराळ. लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर आणि त्यातली निम्मी माणसं सोल व त्याच्या आसपासच्या पट्ट्यात कोंबलेली. साहजिकच त्यातल्या अनेकांचं ‘आमचं गाव’ दुसरीकडे कुठेतरी असतं. म्हणून माझं मत असं की कोरियन माणूस ओळखायचा तर तो चुसोकच्या सुट्टीत बघावा.

चुसोक हा त्यांचा सुगीचा सण. गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात तेव्हा मुंबई-गोवा हायवेचं जे होतं, ते तिथे अख्ख्या देशाचं होतं. सोलहून देशाच्या दुसऱ्या टोकाचं बुसान शहर एरवी रस्त्याने चार-पाच तासांवर, त्या दिवसांत सात-आठ तास सहज लागतात. रेल्वेची तिकिटं काही आठवडे आधी, खिडकी उघडल्या उघडल्या संपतात. सण चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. 2022 आणि 2023 मध्ये तो नेमका आपल्या भाद्रपद पौर्णिमेला आला होता, 2025 मध्ये कोजागरीला. त्या दिवशी करायचं काय, तर सकाळी पूर्वजांसाठी नव्या तांदळाचा भात, फळं, मासे, मद्य असं ताट मांडायचं, घरातल्या सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकवून नमस्कार करायचा, मग कबरीवर जाऊन गवत काढायचं. आपला पितृपंधरवडा सुरू होत असताना हे बघितल्यावर मला तो देश एकदम परका वाटेनासा झाला.

ताटाचे नियम कडक. तांबडी फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला वगैरे. आणि हे सगळं रांधायचं कोणी? सुनांनी. सासरच्या पूर्वजांसाठी दोन दिवस तेलात पदार्थ तळत बसायचं, या विषयावर ऑफिसातल्या बायका जे बोलत ते इथे लिहिण्यासारखं नाही! शेवटी 2022 मध्ये सोंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या संस्थेनेच जाहीर केलं की तळलेले पदार्थ ठेवायची गरज नाही, साधं ताट चालेल. हल्ली पुष्कळ घरं तयार ताट मागवतात, काही जण तर सरळ विमानतळ गाठतात.

पण गावाला जाणं ज्यांच्या नशिबातच नाही असेही लोक तिथे आहेत. 1945 मध्ये जपानी राजवट संपली (त्यांचाही स्वातंत्र्यदिन 15 ऑगस्टच) आणि लगेच देशाची उत्तर-दक्षिण अशी फाळणी झाली. 1950 ते 53 च्या युद्धात उत्तरेकडचे असंख्य लोक चार दिवसांसाठी म्हणून दक्षिणेला आले ते कायमचेच. सोकचो या बंदराच्या गावात आबाई नावाची वस्ती आहे, ती अशाच लोकांची. सीमा उघडली की लगेच परतता यावं म्हणून ते तिथे समुद्राकाठी वाळूवर झोपड्या बांधून राहिले. सोलच्या उत्तरेला इमजिनगाक इथे एक वेदी आहे. चुसोकला आणि नववर्षाला ही माणसं तिथून उत्तरेकडे तोंड करून आपल्या पूर्वजांना नमस्कार करतात. 1983 मध्ये केबीएस वाहिनीने युद्धात ताटातूट झालेल्या नातेवाइकांना शोधण्याचा एक कार्यक्रम लावला. ठरलेली वेळ दीड तासाची होती, तो चालला 138 दिवस, आणि दहा हजारांवर भेटी घडल्या.

या कथेत एक मराठी माणूसही आहे. युद्धविरामानंतर 22 हजारांहून अधिक कैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला. त्यांना सांभाळायला भारताने सैन्य पाठवलं, त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. कोरियात कुणी ‘भारताचा आमच्याशी काय संबंध?’ असं विचारलं, तर मुलीला हे सांगता येईल.

आता तिच्या रोजच्या उपयोगाचं. पहिल्याच भेटीत जन्मसाल विचारतील. आगाऊपणा म्हणून नव्हे, तुमच्याशी कोणत्या आदराने बोलायचं ते त्यावर ठरतं. वर्षा-दोन वर्षांनी मोठ्यालाही नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. वस्तू द्यायची-घ्यायची दोन्ही हातांनी. आपल्याकडे वाढलेल्या मुलीला हे जड जाऊ नये. जड जाईल ती तिथली प्रत्येक कामातली घाई. आणि तिच्या वर्गातली कोरियन मुलं सुनुंग नावाच्या प्रवेश परीक्षेतून आलेली असतील, हे तिने लक्षात ठेवावं. नोव्हेंबरातल्या त्या दिवशी इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना देशभरात विमानांचं उड्डाण-उतरणं थांबवतात, उशीर झालेल्या पोरांना पोलीस गाडीतून सोडतात. अनेक मुलं त्याआधीची वर्षं रात्री दहापर्यंत क्लासमध्ये काढतात. अशी मुलं सुरुवातीला कोरडी वाटतात, तर वाटू द्यावीत. एकदा ओळख झाली की आजारपणात दारात पेज ठेवून जातात.

राहायला वसतिगृह मिळालं तर सोडू नये. बाहेर खोली घ्यायची तर अनामत रक्कम मोठी असते. स्वस्तातलं गोशिवन, म्हणजे एकट्यापुरती चिमुकली खोली, मिळतं, पण त्यात पलंग-टेबल मावलं की खोली संपली. थंडीची मात्र चिंता नको, घरांची जमीनच खालून गरम केलेली असते.

ती शाकाहारी असेल तर खरी कसरत आहे. किमची दिसायला कोबी-मुळ्याची, पण तिच्यात बहुधा खारवलेला जवळा किंवा मासळी असते. साध्या सूपचं पाणीही सुक्या मासळीचं. बिबिंबाप, म्हणजे वर भाज्या घातलेला भात, मांस-अंडं वगळून मागता येतो आणि बौद्ध मठांचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, पण ते रोज कुठून मिळणार? प्रेशर कुकर आणि गोडा मसाला सोबत द्या. तांदूळ तिथे चिकट मिळतो, त्याची सवय होते. मालिकांवर शिकलेलं कोरियन वर्गात पुरत नाही, म्हणून टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या निदान तिसऱ्या-चौथ्या पातळीची तयारी इथूनच करून जाऊ दे.