सबसिडी किती ते नंतर बघू, आधी शेण किती ते मोजा

प्रश्न : नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले पाच घरचे शेतकरी, द्राक्ष, कांदा आणि जोडीला दूध. सगळ्यांची मिळून साठेक जनावरं आहेत. मागच्या महिन्यात एक एजंट आला, म्हणाला सीबीजीचा, म्हणजे शुद्ध करून दाबून भरलेल्या बायोगॅसचा प्लांट टाका, सरकार 4 कोटी देतं, गॅस कंपनी उचलणारच, फक्त फाईलचे 50 हजार भरा. सडका कांदा आणि द्राक्षाची छाटणी पण चालते म्हणाला. घरात दोन मतं पडलीत. खरं काय?

उत्तर : दादा, 50 हजार दिले नसतील तर अजिबात देऊ नका. 4 कोटींचा आकडा खोटा नाही, पण तुम्हाला अर्धाच सांगितलाय. केंद्राच्या 2022 च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात नव्या बायोसीएनजी (म्हणजे सीबीजीच) प्लांटला 4 कोटी ठेवलेत ते रोज 4800 किलो गॅस काढणाऱ्याला, आणि ते पण प्लांट उभा राहिल्यावर. आता हिशोब करा, 4800 किलोसाठी रोज साधारण 12 हजार घनमीटर कच्चा गॅस लागतो, एका घनमीटरला 25 किलो शेण, म्हणजे रोज 300 टन! जनावरामागे 10 किलो धरलं तरी 30 हजार जनावरं झाली. तुमच्या साठांचं शेण 600 किलो, त्यातून सीबीजी निघेल दिवसाला दहाएक किलो, तेवढ्यासाठी गॅस शुद्ध करायची आणि दाबून भरायची मशिनरी परवडणारच नाही.

गॅस उचलण्याचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. 2018 साली ‘सतत’ योजना आली तेव्हापासून तेल कंपन्या सीबीजी घेतात, आणि आता सीएनजी व घरगुती पाइप गॅसमध्ये सीबीजी मिसळायचं बंधन पण आलंय, 2025-26 ला 1 टक्का आणि वाढत वाढत 2028-29 ला 5 टक्के. पण हा खेळ साखर कारखान्याच्या प्रेसमडवाल्यांचा (उसाचा रस गाळून उरलेली मळी), मोठ्या डेअरीवाल्यांचा, जिथे माल एका जागी ढिगाने पडतो.

छाटणीच्या काड्या तर डोक्यातून काढूनच टाका, लाकूड आहे ते, टाकीतले जिवाणू त्याला हात लावत नाहीत. सडका कांदा चालतो पण शेणासोबत थोडा थोडा, एकदम घमेलंभर ओतला की टाकी आंबट होते आणि गॅस यायचा थांबतो.

मग तुम्ही करायचं काय? प्रत्येकाने आपापल्या गोठ्यामागे गोबरगॅस बांधा. समजा एका घरी 8 गाई, 80 किलो शेण, म्हणजे 3 घनमीटरचा प्लांट आरामात चालतो. याच कार्यक्रमात 2 ते 4 घनमीटरला 14,350 रुपये अनुदान ठरलंय. पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन यंदा उद्दिष्ट आलंय का ते विचारा आणि मंजुरी हातात आल्याशिवाय खड्डा खणू नका, कारण आधी बांधून मग अर्ज केला की अनुदान अडकतं. 3 घनमीटर म्हणजे दिवसाला सव्वा किलोच्या आसपास एलपीजीची बचत, महिन्याला अडीच सिलिंडर. चूल फुंकून डोळे लाल झालेली घरातली बाई या हिशोबात आधी धरा, मला तर तोच सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आणि स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर टाकीतून बाहेर येणारं शेणपाणी! द्राक्षबागेला याच्याइतकं घरचं खत दुसरं नाही. शेणातला नत्र टाकीत उडून जात नाही, आउटलेटमधून काळपट पातळ स्लरी येते, तिला ताज्या शेणाचा वास येत नाही, माशा बसत नाहीत. सावलीत खड्डा करून त्यात पालापाचोळा टाका आणि वर स्लरी सोडा.

एक मात्र लक्षात ठेवा, निफाडची थंडी. डिसेंबर-जानेवारीत पारा खाली गेला की गॅस कमी येणार, तेव्हा प्लांट बिघडला म्हणून मिस्त्री बोलवू नका. शेण कालवायला सकाळचं गार पाणी न घेता दुपारी उन्हात तापलेलं घ्या, आणि प्लांटच्या घुमटावर उसाचं पाचट पसरून ठेवा.