सराव क्लबसोबत, शर्यत आपल्या वेगाने

भाऊ, तुमचा प्रश्न असा: क्लबमधला गट जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन दोन तासांत संपवायची म्हणतोय, तुमचे १० किमी ६२ मिनिटांत होतात, तर पहिल्याच हाफला त्यांच्यासोबत राहावं की मागे?

मागे राहा. यात कमीपणा अजिबात नाही.

२१.१ किमी दोन तासांत म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद. या वेगाने तुमचे पहिले १० किमी ५७ मिनिटांत होतील, म्हणजे आजवरच्या वेळेपेक्षा पाच मिनिटं आधी, आणि पुढे ११ किमी बाकीच. गर्दीच्या उत्साहात सुरुवातीला जमतंय असंच वाटतं. चौदाव्या-पंधराव्या किलोमीटरला पाय जड झाले की चालणं सुरू होतं आणि तिथे सगळी कमाई जाते. तुमच्या वेळेवरून माझा अंदाज सव्वादोन तास, थोडं पुढे-मागे. म्हणजे किलोमीटरला साधारण साडेसहा मिनिटं. पहिले पाच किमी त्याहूनही दहा सेकंद हळू काढा. सुरुवातीला गर्दीत अडकलात तरी जीव टाकू नका. तुमची वेळ बिबवरची, म्हणजे छातीवर लावायच्या नंबरावरची, चिप सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ओलांडते तेव्हापासून धरली जाते.

आपल्या नागपूरकरांना खरा त्रास हवेचा होतो. जानेवारीत पहाटे फुटाळ्यावर आपण हातमोजे घालून धावतो. हवा कोरडी, घाम आला की वाळतो. मुंबईच्या दमट हवेत तो अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. म्हणून शर्यतीआधीच्या दोन-तीन आठवड्यांत अधलेमधले छोटे रन पहाटे न करता दुपारी तीन-साडेतीनला अंबाझरीकडे करा. उन्हाची थोडी सवय होते. पाणी तहानेप्रमाणे घोट-घोट घ्या. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करत गेलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं.

आठवड्यातून एकदा सेमिनरी हिल्सचा चढ घ्याच. तिथे वेग बघू नका, गटातल्या गप्पा कुठे बंद पडतात ते बघा. ज्याला चढावरही पूर्ण वाक्य बोलता येतं आणि तरी जो पुढे पळत नाही, त्याच्यासोबत रविवारचं लाँग रन करा. क्लबचा खरा फायदा हाच आहे. एकट्याने १८ किमी काढायला मन तयार होत नाही, सोबत असली की होतं. मुंबईचा यंदाचा नकाशा नीट बघून ठेवा. पेडर रोडचा चढ वाट्याला आला, तर सेमिनरी हिल्सवर गाळलेला घाम तिथे कामी येईल.

प्रवासाचंही सांगतो. बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधीच जाऊन घ्यावं लागतं. शनिवारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसने उतरायचं, बिबच्या रांगेत उभं राहायचं आणि मग मित्रांसोबत मुंबई फिरायची, असं केलं की पाय आदल्या रात्रीच भरून येतात. जमलं तर गुरुवारी निघा, शुक्रवारी बिब घ्या आणि शनिवारी पडून राहा. जेवण साधं वरण-भात. तर्री-पोहे शर्यत झाल्यावर, नागपुरात परतून.

शेवटच्या १५ किंवा १८ किमीच्या रनचे किलोमीटरवार आकडे इथे टाका, त्यावरून तुमचे टप्पे बसवून देतो.