‘तुझं झालं की सांग’

स. न.

तुमच्या पत्राचा बराचसा भाग वर्षभराच्या ध्यानसाधनेचा हिशेब आहे. पहाटे अर्धा तास आणि रात्री खोलीचे दार लावून ४० मिनिटे बसूनही दिवसभराची चिडचिड कमी होत नाही, तेव्हा श्वासावरचे ध्यान सोडून मंत्राकडे वळावे का, असे तुम्ही विचारता. पतीच्या टोमण्यांवरही अख्खा परिच्छेद आहे. त्यात मी शिरत नाही. मी अडखळले ते शेवटी जाता जाता लिहिलेल्या वाक्यापाशी. दहा वर्षांची मुलगी आता दार वाजवत नाही, खालच्या फटीतून चिठ्ठी सरकवते, ‘इतकी समजूतदार झाली आहे’, असे तुम्ही लिहिता. एक चिठ्ठी तर कौतुकाने उतरवून काढली आहे : ‘आई, आज शाळेत एक गोष्ट झाली. तुझं झालं की सांग.’

ती गोष्ट कोणती, हे तुमच्या चार पानांत कुठेही नाही.

हा समजूतदारपणा नव्हे. दार वाजवले की आई वैतागते, हे ओळखून त्या मुलीने आपल्यापुरता मार्ग काढला आहे. हे वाचून मला राग आला आणि तो मी झाकत नाही.

सजगतेला, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याला, बंद दार लागते, हे तुम्हाला कोणी सांगितले? जॉन कबात-झिन या अमेरिकी ध्यानशिक्षकाने १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात सुरू केलेल्या सजगतेच्या ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात रोजची साधी कामे लक्षपूर्वक करणे हाही साधनेचाच भाग असतो. त्याहून कितीतरी प्राचीन अशा सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरील बुद्धाच्या पाली उपदेशात, जाणीव राखायच्या कृतींमध्ये चालणे आणि खाणेपिणे यांच्याबरोबर बोलणे आणि गप्प राहणे हेही सांगितले आहे. बैठकीत तुम्ही करता तरी काय? मन भरकटले हे ओळखता आणि न चिडता त्याला परत आणता. मुलगी बोलू लागली की ते असेच उद्याच्या कामाकडे धावेल, तिचे वाक्य अर्धे असतानाच उपदेश ओठांवर येईल. तेव्हाही ते ओळखून पुन्हा तिच्या बोलण्याकडेच यायचे असते. हे अधिक कठीण आहे, कारण श्वास रुसत नाही, मूल रुसते. तुमची चिडचिड जिथे उफाळते, तिथेच हा सराव व्हायला हवा, आणि म्हणूनच मंत्राकडे वळून काहीही साधणार नाही.

पहाटेची बैठक चालू ठेवा. रात्रीची आजपासून बंद करा आणि ती ४० मिनिटे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मुलीजवळ बसा. शाळेत त्या दिवशी काय झाले होते, एवढेच विचारा. बहुधा ती ‘काही नाही’ म्हणेल, कारण तिने ते सांगण्याची वाट पाहणे केव्हाच सोडले असेल. तेव्हा खोदून विचारू नका, पण उठूनही जाऊ नका, आणि उद्या रात्री त्याच वेळी पुन्हा तिच्याजवळ जाऊन बसा.