मेकॅनिकल कीबोर्ड सोडून नवा मॅग्नेटिक गेमिंग कीबोर्ड घ्यावा का? त्यात खरंच काय चांगलं आणि काय वाईट?

तुमच्याकडे लाल स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड आहे, त्यावर काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट खेळता, दिवसा त्याच्यावरच लिहिण्याचं काम करता, आणि हॉल इफेक्टवाल्या, म्हणजेच मॅग्नेटिक, कीबोर्डनं खरंच फरक पडतो का असं विचारलंय. फरक पडतो. मात्र तो कळ सोडताना पडतो. दाबतानाचा फरक किरकोळ आहे, आणि जाहिरात नेमकी त्याचीच जास्त होते.

आधी आतली रचना बघा. मेकॅनिकल स्विचमध्ये, म्हणजे प्रत्येक कळेखालच्या यंत्रणेत, धातूच्या दोन पात्या एकमेकींना टेकतात आणि सर्किट पूर्ण होतं. चेरी कंपनीचा एमएक्स रेड हा लाल स्विच घेतला तर कळ एकूण ४ मिमी खाली जाते आणि २ मिमीवर 'दाबली' अशी नोंद होते. ही जागा पक्की, ती तुम्हाला बदलता येत नाही. मॅग्नेटिक स्विचमध्ये पात्या नसतातच. दांड्याच्या तळाशी छोटा चुंबक बसवलेला असतो आणि त्याच्या खाली बोर्डावर हॉल सेन्सर. चुंबक जवळ येईल तसं सेन्सरचं व्होल्टेज बदलतं, आणि त्यावरून कळ किती मिमी खाली गेलीय हे कीबोर्डला सतत कळत राहतं. हे तत्त्व एडविन हॉलनं १८७९ मध्ये शोधलं, आणि अशा स्विचचे कीबोर्ड हनीवेलनं १९६०च्या दशकाच्या शेवटीच बनवले होते. म्हणजे स्विच नवा नाही. नवं आहे ते त्या आकड्याचं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, काय करतं, ते. म्हणून असा कीबोर्ड घेताना तुम्ही निम्मं हार्डवेअर आणि निम्मं सॉफ्टवेअर विकत घेत असता, हे डोक्यात पक्कं असू द्या.

सगळ्यात मोलाची सोय म्हणजे रॅपिड ट्रिगर, जी वूटिंग या डच कंपनीनं रूढ केली. साध्या स्विचमध्ये तुम्ही कळ तळापर्यंत दाबली असेल, तर ती 'सुटली' असं समजायला बोट तळापासून जवळपास २ मिमी वर यावं लागतं. रॅपिड ट्रिगरमध्ये ठरावीक जागा नसते, दिशा बघितली जाते. बोट ठरवलेल्या अंतराइतकं, समजा ०.२ मिमी, वर आलं की कळ सुटली. तिथूनच पुन्हा ०.२ मिमी खाली गेलं की पुन्हा दाबली. आता हिशोब करा. बोट सेकंदाला १०० मिमी वेगानं वर येतंय असं धरलं, तर २ मिमीला २० मिलिसेकंद लागतात आणि ०.२ मिमीला २. वाचले १८ मिलिसेकंद. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे हा चार फ्रेमहून जास्त फरक झाला. वेग प्रत्येकाचा वेगळा, पण प्रमाण साधारण असंच राहतं.

काउंटर-स्ट्राइकमध्ये नेम बसायला आधी थांबावं लागतं, त्यासाठी उजवीकडे नेणारी 'डी' सोडून डावीकडची 'ए' मारतात. 'डी'ची सुटका उशिरा नोंदली गेली तर थोडा वेळ दोन्ही कळा दाबलेल्या दिसतात, दोन दिशा एकमेकींना रद्द करतात आणि ब्रेक लागायच्या ऐवजी पात्र घसरत थांबतं. रॅपिड ट्रिगर हा मधला वेळ कमी करतो. व्हॅलोरंटमध्ये कळ सोडली की पात्र आपणहून बऱ्यापैकी लवकर थांबतं, त्यामुळे उलटी कळ मारायची निकड कमी. तरी थांबायला सुरुवात होते ती सुटका नोंदल्यावरच, म्हणून फायदा तिथंही आहे. रणनीतीचे खेळ, कथेवर चालणारे खेळ, मोबा (दोन संघांनी एकमेकांचा तळ पाडायचे खेळ) या प्रकारांत मला या सोयीत पैसे घालण्यासारखं काही दिसत नाही.

दुसरा खरा गुण म्हणजे डीबाउन्स, म्हणजे थरथर थांबेपर्यंत वाट बघणं, लागत नाही. धातूच्या पात्या टेकताना क्षणभर थरथरतात, म्हणून मेकॅनिकल कीबोर्डचं फर्मवेअर बहुतेकदा काही मिलिसेकंद थांबून मग निर्णय देतं. पात्या झिजल्या किंवा त्यांत धूळ गेली की एकदा दाबलेलं अक्षर दोनदा उमटू लागतं. मॅग्नेटिकमध्ये स्पर्शच नसल्यामुळे हा आजार मुळातच नाही.

आता ८००० हर्ट्झ पोलिंग, म्हणजे कीबोर्डनं संगणकाला माहिती देण्याचा वेग. १००० हर्ट्झला कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला माहिती देतो, ८००० ला दर ०.१२५ ला. सरासरी वाट बघणं याच्या निम्मं असतं, म्हणजे ०.५ विरुद्ध ०.०६२५. हाती लागतो तो अर्ध्याहून कमी मिलिसेकंद, आणि वर सांगितलेल्या १८ च्या शेजारी तो ठेवून बघा. शिवाय आतल्या सगळ्या कळा तपासण्याचा वेग, म्हणजे स्कॅन रेट, त्याहून कमी असेल तर संगणकाला तीच जुनी माहिती पुन्हा पुन्हा जाते. जुन्या प्रोसेसरवर ८००० ठेवल्यानं खेळाच्या फ्रेम पडू शकतात. मी १००० वरच ठेवायला सांगेन.

दोषांत पहिला दोष भौतिकशास्त्राचा आहे. '०.१ मिमीवर नोंद' असं छापलेलं असतं, पण कळ वर असते तेव्हा चुंबक सेन्सरपासून सगळ्यात लांब असतो, आणि लांबून ०.१ मिमी हलल्यानं क्षेत्रात होणारा बदल अगदी बारीक असतो. तळाशी तेवढ्याच हालचालीला बदल मोठा होतो. म्हणजे ज्या टोकाला अचूकता मिळाल्याचं सांगतात, तिथंच मोजमाप सगळ्यात कच्चं असतं. त्यात दांडा स्विचमध्ये थोडा डुगडुगतो. बोट नुसतं ठेवलं आणि आडवं हललं तरी आकडा पुढेमागे होतो. ०.१ वर ठेवलेला कीबोर्ड मग न दाबलेल्या कळा दाबतो, किंवा धरून ठेवलेली कळ मध्येच सोडतो. चालता चालता पात्र अडखळलं तर बहुतेकदा कारण हेच असतं, कीबोर्ड बिघडलेला नसतो.

दुसरा दोष कॅलिब्रेशनचा, म्हणजे प्रत्येक कळेचा वरचा आणि तळाचा आकडा कीबोर्डला शिकवण्याचा. निओडायमियम चुंबकाचा जोर तापमान वाढलं की उतरतो, दर अंशाला साधारण ०.१ टक्का. कीबोर्ड गार असताना केलेलं कॅलिब्रेशन तो तापल्यावर तंतोतंत लागू पडेलच असं नाही. चांगलं फर्मवेअर ही घसर आपोआप सावरून घेतं, बाकीच्यांत ती तुम्हाला अधूनमधून सावरावी लागते. चुंबक असलेलं फोनचं कव्हर, टॅब्लेटचं झाकण, स्पीकर किंवा चुंबकानं चिकटणारा मनगटाचा टेकू कीबोर्डच्या अगदी जवळ असेल तर त्या बाजूच्या कळा विचित्र वागू लागतात. तक्रार करण्याआधी टेबल मोकळं करून बघा.

तिसरा, आणि तुमच्यासाठी मोठा, लिहिण्याचा. मॅग्नेटिक स्विच जवळजवळ सगळे लिनिअर असतात. बोटाला 'आता नोंद झाली' असा ठोका लागत नाही. लाल स्विचची सवय आहे म्हणजे ही गोष्ट तुम्हाला खटकणार नाही, पण स्प्रिंग बऱ्याचदा त्याहून हलकी असते आणि नोंदीची जागा वर ओढली की बोट टेकवल्यासरशी अक्षरं उमटतात. उपाय सोपा आहे: दोन प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचे दोन साठवलेले संच. लिहिण्याच्या प्रोफाइलमध्ये सगळ्या कळांना १.८ ते २ मिमी आणि रॅपिड ट्रिगर बंद.

स्विच बदलता येतात, असंही सांगतात. मेकॅनिकलच्या हॉट-स्वॅपमध्ये, म्हणजे डाग न देता स्विच काढून दुसरा बसवताना, पिना जुळल्या की काम झालं. इथं पिना नसतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा स्विच बसतो पण चालतोच असं नाही: चुंबकाचा ध्रुव उलटा असू शकतो, जोर वेगळा असू शकतो, चुंबकाची उंची वेगळी असू शकते. कीबोर्डच्या निर्मात्यानं दिलेल्या यादीतलेच स्विच घ्या आणि बदलल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करा. कीकॅपचं मात्र टेन्शन नाही, बहुतेकांचा दांडा चेरीसारखाच अधिक चिन्हाच्या आकाराचा असतो. स्पेसबारची लांबी आणि खालच्या रांगेतल्या कळांचे आकार तेवढे तपासा.

वायरलेस हवा असेल तर हेही लक्षात घ्या की हॉल सेन्सर कळ दाबलेली नसतानाही वीज खात राहतात. त्यामुळे तेवढ्याच बॅटरीवर मेकॅनिकल जास्त टिकतो. टीएमआर नावाचे नवे सेन्सर कमी वीज खातात. वायर चालत असेल तर वायरवालाच घ्या.

सॉफ्टवेअर कसं आहे हे घेण्याआधी बघा, कारण निम्मा कीबोर्ड तोच आहे. अनेक कंपन्या सेटिंग ब्राउझरमधून देतात. ते क्रोम किंवा एजमध्ये चालतं, फायरफॉक्स आणि सफारीत नाही. सेटिंग कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठतात का, हे विचाराच. साठत नसतील तर दुसऱ्या संगणकावर तुमचे सगळे आकडे गायब.

स्नॅप टॅपचा मोह टाळा. दोन उलट्या कळा एकदम दाबल्या तर शेवटची ग्राह्य धरायची, अशी ही सोय रेझर या कंपनीनं २०२४ मध्ये आणली आणि इतरांनीही वेगवेगळ्या नावांनी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये खेळ बनवणाऱ्या व्हॉल्वनं काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर तिला मनाई केली. पकडलं गेलं की चालू सामन्यातून बाहेर काढतात. रॅपिड ट्रिगरवर अशी बंदी नाही, कारण तिथं कळ सोडतं तुमचंच बोट. सेटिंगमध्ये जाऊन स्नॅप टॅप बंद आहे ना, याची खात्री करा.

कीबोर्ड हातात आल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत पुढची तपासणी करा. हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या पोर्टला लावा, फर्मवेअर अद्ययावत करा. दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या, मग कॅलिब्रेट करा: प्रत्येक कळ सरळ तळापर्यंत दाबायची, क्षणभर धरायची, पूर्ण सोडायची. बोट तिरकं लागलं तर तळ चुकीचा नोंदला जातो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये कळ किती खाली गेलीय ते दाखवणारा आलेख उघडा आणि तीन गोष्टी बघा. कळ अगदी सावकाश दाबली तर आकडा उड्या न मारता शून्यापासून शेवटपर्यंत जायला हवा. हात बाजूला घेतल्यावर तो शून्यावर स्थिर राहायला हवा. आणि अर्धी दाबलेली कळ आडवी हलवल्यावर आकडा किती सरकतो ते टिपून ठेवा. ०.१५ मिमी सरकत असेल तर रॅपिड ट्रिगर ०.१५ च्या खाली नेण्यात अर्थ नाही. तुमच्या कीबोर्डची खरी अचूकता तीच, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

त्यानंतर पुढे चालायची कळ 'डब्ल्यू' अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवा. मध्येच सुटका नोंदली गेली तर तळाचा डेड झोन, म्हणजे जिथली हालचाल कीबोर्ड मोजत नाही ती पट्टी, ०.१ ते ०.२ मिमीनं वाढवा. जोरात दाबल्यावर कीकॅप आणि प्लेट किंचित वाकतात, दाब कमी झाला की सरळ होतात, आणि रॅपिड ट्रिगरला ती बोटाची हालचाल वाटते. स्पेसबार, एंटर, शिफ्ट दाबून स्टॅबिलायझरचा, म्हणजे लांब कळा सरळ दाबल्या जाव्यात म्हणून खाली बसवलेल्या तारेचा, खडखडाट ऐका. तो तारेच्या टोकांना थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस लावून जातो, त्यासाठी कीबोर्ड परत करू नका.

खेळण्याच्या प्रोफाइलला सुरुवातीचे आकडे असे ठेवा: 'ए' आणि 'डी'ला नोंद ०.८ मिमीवर, रॅपिड ट्रिगर दोन्ही दिशांना ०.२५. 'डब्ल्यू' आणि 'एस'ला नोंद १ मिमीवर, रॅपिड ट्रिगर ०.३. ग्रेनेड, शस्त्र बदलणं, रीलोड यांना १.५ मिमी आणि रॅपिड ट्रिगर बंद, कारण तिथं चुकून लागलेली कळ वाचलेल्या वेळेपेक्षा महागात पडते. आठवडाभर याच आकड्यांवर खेळा. मग एका वेळी एकच आकडा ०.०५ नं कमी करा. पात्र अडखळायला लागलं की एक पायरी मागे या आणि तिथंच थांबा. सुरुवातीचे काही दिवस नेम उलट बिघडल्यासारखा वाटेल, कारण २ मिमी वर उचलायची बोटाची सवय तशीच असते आणि पात्र मात्र तुमच्या अपेक्षेआधी थांबतं.